चमकीजवळची पुळी

त्या चार महिन्यांत माझ्या डोळ्यांकडे बघून कोणी बोललं नाही. सगळे माझ्या नाकाशी बोलत होते. डाव्या नाकपुडीवर चमकीला चिकटून एक पुळी आली होती. आधी मोहरीएवढी, मग मिरीएवढी, मग चण्याच्या डाळीएवढी. लाल आणि तुकतुकीत. रिक्षावाला पैसे घेताना नाकाकडे बघायचा. वाण्याच्या दुकानात मी तूरडाळ मागायची आणि तो नाकाला विचारायचा, "काय झालां गो?"

"काय नाय," मी म्हणायची. माझं एरवीचं बोलणंही तेवढंच. मनात मात्र त्याच्या डोक्यावर डाळीचं पोतं ओतून झालेलं असायचं.

हे सगळं सासूच्या नथीपायी झालं.

माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न वैशाखात करायचं ठरलं. आमच्या घरात मुलीची आई ती नथ घालून कन्यादानाच्या पाटावर बसते. सासू बसली होती, तिची सासू बसली होती. नथ तशी छोटीच, पण तार जाड, जुन्या हाताची. माझ्या नाकाला लहानपणी भोक होतं. ते बुजून गेलं होतं, कारण मी वेंगुर्ल्याच्या एका काजूच्या कारखान्यात फोडणीला, म्हणजे यंत्रावर बिया फोडायला, आहे आणि तिथे अंगावर काही चालत नाही. नाकात नाही, कानात नाही, हातात नाही. गेटवर एक बाई उभी असते, ती बघते आणि मगच आत सोडते. खाण्याचा माल आहे, त्यात कोणाची फिरकी पडली तर सगळी खेप परत येते. हे मला पटतं. माझी तक्रार कारखान्याबद्दल नाही.

मी मुलीकडून सासूला विचारून घेतलं, दाबाची नथ चालेल का, चिमट्यासारखी बसते ती. स्वतः विचारायचा धीर मला झाला नाही.

सासूने उत्तर मात्र मला ऐकू जाईल असं दिलं. "दाबाची नथ धयकाल्यातले पुरूष घालतत. लुगडां नेसून, मिशी काडून. तुझ्या आवशीक सांग, नाटकात काम करूचा आसला तर हाडून देतंय."

थोरली जाऊ हसली. ती नेहमी सासूच्या अर्धा क्षण आधी हसते.

संक्रांतीनंतर मला सोनाराकडे नेलं. म्हातारा सोनार, हात स्थिर. त्याने नाक टोचलं, सोन्याची बारीक चमकी घातली, मागून फिरकी लावली आणि म्हणाला, "दीड-दोन महिने काढू नका. सारखा हात लावू नका." सासू तिथेच होती, जाऊ तिथेच होती, मीही होते. तिघींनी माना हलवल्या. त्याचं बोलणं दुकानाच्या पायरीवरच राहिलं.

आठ दिवस मी कामावर गेले नाही. नवव्या दिवशी जावं लागलं. गेटवरची बाई म्हणाली, "काड." मी काढली.

आता आमच्याकडे काय करतात ते सांगते. पोरीच्या कानातलं डूल हरवलं की आई केरसुणीतली हीर मोडते आणि कानात घालते, भोक बुजू नये म्हणून. हीर म्हणजे माडाच्या पातीतली मधली काडी. माझ्या दोन्ही कानांत लहानपणी महिनोन्‌महिने हीर होती, त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. तसंच मी केलं. रोज सकाळी गेटबाहेर चमकी काढायची, पदराच्या गाठीत बांधायची, हिरीचा तुकडा नाकात सारायचा. तो काळपट, कोणाला दिसायचा नाही. संध्याकाळी सुटलं की हीर काढायची आणि चमकी घालायची. दिवसातून दोनदा. मला वाटत होतं मी फार शहाणपणाने वागते आहे.

आणि सकाळी, मी निघायच्या आधी, थोरली जाऊ यायची.

ती हातात वाटी घेऊन यायची. वाटीत खोबरेल आणि हळद. "हयसर ये गो," म्हणायची आणि माझ्या हनुवटीला धरायची, जशी गुराच्या तोंडाला धरतात. "फिरवूक होयी. नायतर सोनां मांसाक चिकटता." मग दोन बोटांनी चमकी धरून तीन फेरे. एक इकडे, एक तिकडे, आणि तिसरा उगाच. डोळ्यांतून पाणी यायचं. तिच्या बोटांना नुकत्याच साफ केलेल्या बांगड्याचा वास असायचा. मी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत तिचं झालेलं असायचं आणि ती वाटी घेऊन चुलीकडे वळलेली असायची.

मी रोज ठरवायची की उद्या सांगेन. पंचवीस वर्षं मी तिला अशा किती गोष्टी उद्या सांगणार होते, त्यांची मोठी रास झाली आहे. माझ्या डब्यातला माशाचा मोठा तुकडा ती तिच्या नवऱ्याच्या ताटात टाकते ती गोष्ट. माझी साडी न विचारता नेसून जत्रेला गेली ती गोष्ट. त्या सकाळी वाटी घेऊन ती समोर उभी राहिली की मी मनात तिची ती दोन बोटं तापल्या उलथन्यावर ठेवायची. तोंडाने म्हणायची, "पुरे, वयनी."

"पुरे कसा? अजून एक फेरो."

पुळी आली ती साधारण तिसऱ्या आठवड्यात. मग सगळ्या गावाला डॉक्टरकी सुचली. सासू म्हणाली दृष्ट लागली आणि मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. शेजारीण म्हणाली दात घासायची पेस्ट लाव. कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावर बसणारी बाई म्हणाली, "पुळी न्हय ती, मोड आसा. मोडाक घोड्याचो केस बांधूक होयो." मोड म्हणजे चामखीळ.

"वेंगुर्ल्यात घोडो खंय गावतलो?" दुसरी म्हणाली.

"लग्नात नवरो घोड्यार बसान येतलो नाय? तेवा उपटून घी."

"नवरो बोलेरोत्सून येतलो."

"मगे बोलेरोचो केस बांध."

सगळी रांग हसली. मीही हसले, कारण हसलं नाही की आणखी बोलतात. पण पाय दांड्यावर असा दाबला की बी गरासकट चिरडली.

नवरा होडीवर असतो. चार दिवसांनी आला तेव्हा त्याने जेवताना विचारलं, "दुखता?"

"नाय."

"मगे बरां," म्हणाला आणि सोलकढी प्यायला. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाला माझं 'नाय' कुठलं खरं आणि कुठलं खोटं ते कळत नाही.

एका रविवारी मी भाकऱ्या थापत होते. नाकाला खाज सुटली म्हणून दंडाने पुसलं आणि पुळी फुटली. रक्ताचे दोन-तीन थेंब पिठावर पडले. सासू समोरच्या पाटावर बसून सोलं निवडत होती. तिने बघितलं. तिला राग आला नाही, याचंच मला वाईट वाटलं. ती अगदी शांतपणे, हवामान सांगावं तसं म्हणाली, "रगत व्हावता त्या माणसाक पाटार बसाक चलना नाय. कन्यादानाक तर नायच."

तिने एक सोल बाजूला टाकलं.

"असाच रवला तर थोरलीक बसवूया. तिचो घोव आणि ती. घरातलीच मरे ती पण."

मी जावेकडे बघितलं. ती ताट पुसत होती. कोरडं ताट, आधीच पुसलेलं.

तिला दोन मुलगे, मुलगी नाही. कन्यादान केलं नाही तर जन्म अपुरा राहतो असं ती बऱ्याचदा म्हणायची, कोणाच्याही लग्नातून आलं की. पूर्वी मला त्यात काही वाटायचं नाही. त्या दिवशी भाकरी करपली आणि मला सगळं एका ओळीत दिसलं: वाटी, तेल, तीन फेरे. ही बाई मला बरी होऊ देणार नाही. माझ्या मुलीचा हात माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात घ्यायला ती रोज सकाळी माझं नाक पिळते आहे.

मुलगी माझी आहे. मला आठवा महिना असताना मी त्याच कारखान्यात बसत होते. तिला गोवर आला तेव्हा, तिची दहावीची फी, तिचे केस, तिची पहिली नोकरी, सगळ्याला मी. बोलणारी आई तिला मिळाली नाही, हे मला माहीत आहे. शाळेत पालकांना बोलावलं की मी मागच्या बाकावर बसून परत यायची, आणि बाई जे बोलल्या ते ती मला घरी सांगायची. तिच्यासाठी चार माणसांत मी करू शकेन अशी एकच गोष्ट होती आणि तिच्यात बोलावं लागत नाही. नुसतं पाटावर बसायचं आणि हात पुढे करायचा. ती सुद्धा आता जाऊ करणार होती.

त्यानंतर आठवड्याभरात तिने चुना लावला.

मी धुणं वाळत घालत होते. ती मागून आली. "हाल नको," म्हणाली, आणि बोटावरचा चुना-गुळाचा लगदा पुळीवर दाबला. "दोन दिसात सुकतली. माझ्या आवशीन असोच काडलेलो मोड."

सुरुवातीला थंड लागलं. मग आग. मी धावत न्हाणीत गेले आणि पाण्याचे शिपके मारले, पण तोवर कातडी गेली होती. पुळीच्या जागी ओलं, लाल मांस आणि कडेने पांढरं. आरशात बघितलं आणि मला स्वतःची किळस आली. बाहेर जाऊ सासूला सांगत होती, "माका वाटला, बरां होयत. पण तिची कातडीच नाजूक."

मुलगी संध्याकाळी कामावरून आली. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी काढली आणि मला आरोग्य केंद्रात घेऊन गेली.

तिथली सिस्टर घाटावरची. गोड बोलायची सवय नसलेली. तिने कापूस लावला, बघितलं आणि म्हणाली, "हे कोणी केलं?"

मी मुलीकडे बघितलं.

"चुना, सिस्टर," मुलगी म्हणाली. "काकीने लावला."

"चुना भिंतीला लावतात. भिंत आहे का ही?" मग तिने माझा हात उचलला, बोटं उलटी करून बघितली. काजूच्या टरफलातून जो चीक निघतो तो कातडी जाळतो. आम्ही हाताला तेल लावून राख चोळतो, तरी टोकं काळी पडतात आणि साबणाने जात नाहीत. "हे काय?"

"काजूचो चीक," मी म्हणाले.

"आणि चमकी कोण काढतं-घालतं?"

"मीच."

"याच हातांनी? किती वेळा?"

"दोनदा. रोज."

"मध्ये भोकात काय ठेवता?"

मला लाज वाटली. मुलगी म्हणाली, "हीर."

"म्हणजे?"

"केरसुणीची काडी."

सिस्टरने कापूस खाली ठेवला. "केरसुणीची."

"नवीन केरसुणीची," मी म्हणाले.

मुलीने ओठ दाबून तोंड फिरवलं. सिस्टर हसली नाही. तिने मला खुर्चीत बसवून, शाळेतल्या बाईंसारखं, एकेक करून सांगितलं. ही मरेपर्यंत वाढत जाणारी गाठ नाही. मोडही नाही. जखम भरायला बघते आणि तुम्ही रोज ती उघडता. कोणी फिरवतं, कोणी काढतं, काडी खुपते, चीक लागतो, तेलाने कचरा चिकटतो, फिरकी एवढी घट्ट की मागून दाब पडतो. म्हणून मांस फुगलं. आता चमकी काढायची नाही. फिरवायची नाही. तेल, हळद, पेस्ट, चुना काही नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ, दिवसातून दोनदा त्याचा कापूस नुसता टेकवायचा, चोळायचं नाही. खपली धरली तर नखाने काढायची नाही. चुन्याने भाजलंय त्याला हे मलम, फक्त पाच दिवस. पू आला किंवा ताप आला तर परत यायचं. आणि हात. "हात नाकापासून लांब. तुमचेसुद्धा."

"लग्नापर्यंत जाईल?" मुलीने विचारलं. सात आठवडे उरले होते.

"सुकेल. जाईलच असं नाही. महिने लागतात." मग माझ्याकडे बघून, "आणि नथ-बिथ घालायची नाही त्यात. जाड तार घातली की पुन्हा फाटणार."

परत येताना मी रिक्षात एका कडेला बसले होते आणि मला राग येत होता. सिस्टरचं बोलणं खरं होतं, हे मला कळत होतं. पण मला हवं होतं की सगळा दोष जावेचा निघावा. पूर्ण, काठोकाठ. दोन महिने मी तिला मनातल्या मनात शिक्षा देत होते आणि आता कळलं की अर्धं नाक मीच जाळलं होतं, माझ्याच हातांनी, शहाणपणाने. यासाठीसुद्धा मी जावेलाच माफ केलं नाही.

सिस्टरने एका कागदावर लिहून दिलं होतं: फिरवू नये, काढू नये, मिठाच्या पाण्याशिवाय काही लावू नये. तीन ओळी. मी चौथी शिकलेली आहे, पण तीन ओळी वाचता येतात. तो कागद मी आरशाच्या कोपऱ्यात खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ वाटी घेऊन आली. कागद तिने बघितला, वाचलाही. ती सातवी शिकली आहे. "डॉक्टर लोकांका काय कळता," म्हणाली. "त्येंनी कवा नाक टोचून घेतल्यानी?" आणि हात हनुवटीकडे आला.

मी तिचं मनगट धरलं.

फोडणीला बसणाऱ्या बाईचा हात असतो, तो सुटत नाही. तिला ते माहीत नसावं. तेल तिच्या बांगड्यांवरून खाली ठिबकलं.

"हात लाव नको," मी म्हणाले.

"अगो, तुझ्या बऱ्याक करतंय मां!"

"माका तुझां बरां नको."

आवाज माझाच होता, पण मी तो आधी ऐकलेला नव्हता. ती बघतच राहिली. स्वयंपाकघरातून सासूने विचारलं, "काय झालां?" मी मनगट सोडलं. त्यावर माझ्या बोटांचे चार पांढरे ठसे होते, आणि ते लाल होईपर्यंत मी बघितले. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

त्याच दिवशी कारखान्यात मी सुपरवायझरबाईंसमोर जाऊन उभी राहिले. बोलता येईना म्हणून कागद पुढे केला. तिने वाचला, माझ्या नाकाकडे बघितलं. "मास्क लाव आणि सालीत बस. वरसून चिकटपट्टी मार. चिकाक हात लाव नको." सालीत म्हणजे गरावरची लाल साल सोलायचं काम, तिथे चीक नसतो. मग म्हणाली, "आदी सांगूक काय झालां होता तुका? दोन महिने झाले मरे."

काय झालं होतं ते मी तिला सांगितलं नाही. काही झालं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पुढचे सात आठवडे घरात युद्ध होतं, पण भांड्यांचं. जाऊ माझ्याशी बोलत नव्हती, झाकणं आपटत होती. माझ्या वाटीत नुसतं सार, तुकडा नाही. मी मागितला नाही. मी सकाळ-संध्याकाळ पाणी उकळून गार करायची, त्यात मीठ, कापूस, आणि आरशासमोर उभी राहायची. सासू म्हणायची, "मिठाच्या पाण्यान बरां झाला असता तर दर्यात जावन उबी रवली असती." खाज एवढी सुटायची की मी हात पाठीमागे बांधून बसायची. खपली धरायची, ती आपोआप पडेपर्यंत मी तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यात लाली उतरली. पाचव्यात पुळी पुन्हा मिरीएवढी झाली. लग्नाच्या दिवशी ती मोहरीएवढी होती. कोरडी. पण होती.

मांडव आमच्या घरापुढच्या खळ्यातच होता. सकाळी सासूने लाल फडक्यातून नथ काढली आणि माझ्यासमोर धरली. "घाल."

मी तारेकडे बघितलं. ही तार आत गेली की पुळी फुटणार आणि रक्त येणार, हे मला माहीत होतं. सासूलाही माहीत होतं. रक्त आलं की पाट गेला. नथ घातली नाही तरी पाट गेला. दोन्हीकडून रस्ता जावेकडेच जात होता.

जाऊ मागे उभी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिने सकाळपासून चहा घेतलेला नाही. सगळ्यांना कप दिले, स्वतः घेतला नाही. तोंड सुकलेलं, डोक्यावरून न्हालेली, नवं लुगडं. कन्यादानाला बसणारे उपाशी राहतात. ती उपाशी होती. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण ती तयार होऊन आली होती.

मी नथ सासूच्या हातातून घेतली. जावेजवळ गेले. तिची हनुवटी धरली.

"वयनी, हाल नको," मी म्हणाले.

तिच्या नाकाला भोक आहे, मोठं, जुनं, ती घरात असते म्हणून कधी बुजलं नाही. मी तिची चमकी काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि नथीची तार सरळ आत घातली. मग बसली की नाही बघायला फिरवली. एक फेरा इकडे, एक तिकडे. तिसरा उगाच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नथ तू घाल," मी म्हणाले. "पाटार मी बसतंय."

"नथीशिवाय?" सासू म्हणाली. "आमच्या घरात असा कवा झालेला नाय! रगत व्हावता तिच्या नाकातसून, भटजींका विचारा!"

भटजी समिधा लावत होते. त्यांनी चष्मा वर सारला आणि मला जवळ बोलावलं. चाळीस माणसांसमोर एका परक्या पुरुषाने माझ्या नाकाकडे टक लावून बघितलं. एरवी मी जमिनीत गेले असते. त्या दिवशी मी मान वर केली आणि नाक उजेडात धरलं.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "वाहत नाही. बसा."

"आणि नथ?" सासूने विचारलं.

"माझ्या पोथीत नथ नाही, काकी. पाणी आणा, मुहूर्त टळतोय."

मी बसले. नवरा शेजारी बसला. काय चाललंय हे त्याला कळलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नाही. मुलीचा हात माझ्या हातात आला. मेंदीचा लाल हात आणि खाली माझी काळी बोटं. वरून पाण्याची धार पडत होती. मंत्र मला समजत नव्हते. मी फक्त तिचा हात घट्ट धरला होता, मनगट धरलं होतं तसाच, आणि भटजींनी दोनदा "आता सोडा" म्हटल्यावर सोडला.

व्हिडिओत जाऊ माझ्या मागे उभी दिसते. नथ तिला शोभते. ती रडते आहे. मुलगी सासरी चालली म्हणून, की उपास वाया गेला म्हणून, की मी तार जास्त फिरवली म्हणून, ते व्हिडिओत कळत नाही. मी तिला विचारलेलं नाही.

नथ तिच्याकडेच राहिली. चतुर्थीला तिने ती घातली आणि सगळ्या घरभर फिरली. मी मागायला गेले नाही, जाणारही नाही. सासू मेल्यावर त्यावरून पुन्हा काही होईल, तेव्हा बघू.

पुळी अजून आहे. मोहरीच्या दाण्याएवढी, चमकीच्या वरच्या कडेला. सिस्टर म्हणाली जाईल हळूहळू. पावसात जरा फुगते. मग जाऊ स्वयंपाकघरातून येताना थांबते आणि बघते. "अजून गेली नाय काय गो?" म्हणते आणि तिचा हात आपोआप वर येतो, दोन बोटं पुढे करून.

मी मागे सरत नाही. तिथेच उभी राहते, तिच्या बोटांकडे बघत. हात माझ्या छातीपर्यंत येतो आणि खाली जातो.